उपाशी ठेवायचे वाफे

मंगळवार, ९ ऑगस्ट

धाकटे,

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद काढला. फोन कट करता येतो, पत्र फार तर न वाचता ठेवता येतं, आणि न वाचता काही ठेवशील अशी तू नाहीस. लहानपणी पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचायचीस.

तुझ्या मैत्रिणीने पत्ता दिला, तिच्यावर चिडू नकोस. ती म्हणते, तू जेवायला बसतेस आणि उठतेस, मध्ये काही होत नाही. दिवसभर तेच आकडे मांडतेस. अगं, झालं ते झालं. तळं हिरवं पडलं, मासे मेले, सगळ्यांच्या नळाला आठ दिवस वास मारत होता, हे वाईटच झालं. पण चुकतो तो माणूस. चौकशी समितीचा निकाल सहा सप्टेंबरला आहे. लोक म्हणतात वाफे उखडून वर डांबर ओततील. तसं झालंच तर होऊ दे. तोवर स्वतःला का खातेस?

रस्त्यावरचं पावसाचं पाणी गाळून तळ्यात सोडणारे तुझे बाराही वाफे अजून जागेवर आहेत. भोवती पिवळी पट्टी बांधली आहे. कर्दळ अशी माजली आहे की पट्टीवरून बाहेर येऊन चालणाऱ्यांच्या खांद्याला लागते. पाणीखात्याचा तो जाड्या ड्रायव्हर परवा गाडी थांबवून म्हणाला, "काय ताई, तुमच्या बहिणीने पाणी जिरवायला वाफे केले आणि जिरवली आमची!" मी हसले. हसायला नको होतं.

समितीच्या तपासनीस बाई आपल्या रोपांच्या नर्सरीत येऊन गेल्या. दोन बाटल्या आणल्या होत्या, एक रस्त्यावरून वाफ्यात शिरणाऱ्या पाण्याची, दुसरी वाफ्याखालच्या पाइपातून तळ्याकडे जाणाऱ्या पाण्याची. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं, दुसरं काचेसारखं. मी म्हटलं, बघा, माझ्या बहिणीने किती स्वच्छ करून सोडलंय! बाई म्हणाल्या, "दिसायला. यात खताचा अंश पहिल्या बाटलीच्या चौपट आहे. शेवाळाला तेच हवं असतं." चहा घेतला आणि गेल्या. बाकी काही विचारलं नाही.

जेवत जा.

तुझी ताई


रविवार, १४ ऑगस्ट

धाकटे,

तुझं पत्र आलं. चार-पाच ओळी का होईना, आल्या. मी त्या नर्सरीत कामाला असलेल्या मावशीला मोठ्याने वाचून दाखवल्या, मग एकटीने पुन्हा वाचल्या.

"ताई, त्या मिश्रणात एवढं खत नव्हतंच. वाळू जास्त, माती थोडी, कुजलेला पाला नावापुरता. मी दहा वेळा मांडून पाहिलं. मग पाइपातून हे येतंय कुठून? याचा अर्थ मला हे काम येत नाही, आणि कधी येतच नव्हतं. तू रोज वाफ्यांवर जायचीस. तुला काही वेगळं दिसलं होतं का?"

वेगळं म्हणजे काय दिसणार? मी कॉलेज अर्ध्यात सोडलेली, रोपं वाढवणारी बाई. वाफ्यात पडलेल्या पिशव्या उचलायच्या, तण काढायचं, रस्त्याच्या कडेला पाणी आत शिरायला तू खाचा ठेवल्यास तिथला गाळ ओढायचा, हे माझं काम. ते मी केलं. पाऊस झाला की वीतभर पाणी साचायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मुरलेलं असायचं, तू म्हणाली होतीस तसंच. डास झाले नाहीत. याहून जास्त मी काय सांगणार?

एक बोलू? एवढं शिकून जर माणसाने जिवाचे असे हाल करून घ्यायचे तर ते शिक्षण घ्यायचं काय चाटायला? सोड सगळं आणि इथे ये. तुझी खोली तशीच आहे. नर्सरीत आम्ही चौघी आहोत, पाचवी काही जड नाही. सकाळी रोपांना पाणी घालायचं, संध्याकाळी आयत्या ताटावर बसायचं. इथे तुझ्या आकड्यांची उलटतपासणी करायला कोणी येणार नाही. गालावर जरा मांस चढू दे, मग पुढचं पुढे बघू.

आई गेली तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. ताप आला की म्हणायचीस, ताई, तू भरव म्हणजे उतरेल. आणि उतरायचा. (औषधाने उतरायचा, मला माहीत आहे. पण तू तसं म्हणायचीस.)

पुन्हा लिही. आकड्यांचं नको, तुझं लिही.

ताई


सोमवार, २२ ऑगस्ट

धाकटे,

राजीनामा पाठवू नकोस. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

सकाळी तुझ्या मैत्रिणीचा फोन आला होता. म्हणाली, "हिने राजीनामा लिहून पाकिटात घातलाय आणि पुस्तकं खोक्यात भरली आहेत. रडली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणते, मी लोकांना घाण पाणी पाजलं." मी फोन ठेवला तेव्हा मावशी समोर बसून पिशव्यांत माती भरत होती. तिने हात झटकले.

"आता तू सांगतेस की मी सांगू?"

मी म्हटलं, "काय सांगायचं?"

"बये, हातगाडी मी ओढली आहे. मला विचारतेस होय, काय सांगायचं म्हणून?"

तर ऐक. तपासनीस बाईंनी काही विचारलं नाही असं मी तुला लिहिलं होतं. ते खोटं होतं. कप खाली ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "वाफ्यांना खत कोण घालतं?" आणि मी म्हटलं, "कोणीच नाही."

मी घालत होते. मार्चपासून, दर दुसऱ्या गुरुवारी, बाराही वाफ्यांना. तळाला कुजलेलं शेणखत आणि वर खताचे दाणे, अशा गाड्या भरून न्यायचो. मावशी ओढायची आणि मी पसरायची. सकाळी साडेसहाला, झाडूवाले यायच्या आत. मग पाऊस आला की ते सगळं वाळूतून खाली, वाळूखालच्या खडीत, खडीतून पाइपात आणि पाइपातून तळ्यात. तुझ्या वाफ्यांनी रस्त्यावरचं तेल धरलं, टायरांची काळी भुकटी धरली, गाळ धरला, इमानेइतबारे धरला. मी वरून जे ओतत होते ते मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. तुझा हिशोब चुकला नाही गं. त्यातला एक आकडा तुला कोणी दिलाच नव्हता, आणि तो माझ्यापाशी होता.

मला माहीत नव्हतं. रोपं पिवळी पडली होती, मलूल, पोरकी दिसायची. माझ्याच नर्सरीतली रोपं. चार लोक म्हणणार, हिच्या मालात जीव नाही. आणि खरं सांगायचं तर उपाशी झाड दिसलं की माझा पाय पुढे निघत नाही. भलं करायला गेले आणि माती खाल्ली.

मला हव्या तेवढ्या शिव्या दे. पण ते पाकीट फाड.

ताई


मंगळवार, ३० ऑगस्ट

धाकटे,

मी बुधवारीच तपासनीस बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. किती गाड्या, कोणत्या तारखा, कोणते दाणे. त्या रागावल्या नाहीत, लिहीत राहिल्या. मग मला घेऊन वाफ्यावर आल्या आणि चौथ्या वाफ्यात कुदळीने सरळ काप घेतला. वर चार बोटं काळंभोर, ओलं, माझं. त्याखाली स्वच्छ वाळू, तू भरलीस तशी. बाई वाकून बघत होत्या. "खालचं सगळं शाबूत आहे," म्हणाल्या. "वरचा थर काढला आणि काही पाऊस जाऊ दिले की पाणी सुधारेल. हे वाफे उखडायचं काही कारण मला तरी दिसत नाही." तू तिथे असायला हवी होतीस.

मग बाई मला समितीच्या अध्यक्षांकडे घेऊन गेल्या, सभ्य गृहस्थ आहेत. मला म्हणाले, "ताई, तुम्ही हे अनवधानाने केलंत." मी मान हलवली. लिहून घेणाऱ्या मुलीने 'अनवधानाने' लिहिलं. त्याखालचं वाक्य मात्र मी तिला दोनदा वाचायला लावलं. "आराखडा करणाऱ्या अभियंत्यांनी देखभालीबाबत लेखी सूचना दिल्याची नोंद आढळत नाही. सबब जबाबदारी त्यांची असून यापुढे त्यांच्याकडे काम सोपवू नये."

हा अजून कच्चा मसुदा आहे. निदान तुझा हिशोब तरी सुटला ना? लोकांनी आकड्यांवर बोट ठेवलं होतं, ते उठलं. सूचना द्यायची राहून जाणं ही काय मोठी गोष्ट आहे? कोणाचंही राहून जातं.

काल तुझं पत्र आलं. वर लिहिलं आहेस, "म्हणजे मिश्रण बरोबर होतं," आणि पुढे पेन कागदात रुतलं आहे, तिथे तू बराच वेळ थांबली असशील. मग खाली: "ताई, मी तुला कागद दिला होता. ऑफिसमधून नाही पाठवला, घरी आणून हातात दिला. सात मुद्दे होते. तिसरा वाच."

मी शोधला. सगळीकडे शोधला. सापडत नाही. घरात उंदीर फार झालेत.

ताई


शनिवार, ३ सप्टेंबर

धाकटे,

उंदीर नाहीत. कागद बियांच्या कपाटात वरच्या खणात आहे, म्हणजे होता, आता माझ्यासमोर टेबलावर आहे. तो कधीच हरवला नव्हता. मी तो वाचलाही होता, तू दिलास त्याच दिवशी, तू चप्पल घालत असताना दारात उभं राहून.

"३. खत घालायचं नाही. एक मूठसुद्धा नाही. (ताई, हे खास तुझ्यासाठी.)" खाली दोन रेघा.

मग मला माहीत नव्हतं असं म्हणायला माझी जीभ कशी रेटली, ते विचारू नकोस. साडेसहाला, झाडूवाले यायच्या आत, असं मीच लिहून बसले होते. तू तेव्हाच ओळखलं असशील.

फेब्रुवारीत वाफे सुरू केले तो दिवस आठव. खात्याची सगळी माणसं उभी होती. मी म्हटलं, रोपं उपाशी दिसतात, थोडं खत घालू या. आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "ताई, भरवण्यापलीकडे तुला काही येतं का गं?" सगळे हसले. तो जाड्यासुद्धा हसला. तू थट्टेनेच बोललीस, मला कळतं. पुढे तू नीट समजावूनही सांगितलंस. "रस्त्यावरून जी घाण वाहून येते तेच यांचं जेवण. आयतं ताट वाढलंस तर ही घाण कशाला खातील? उपाशी राहू देत, म्हणजे मुळं खाली उतरतील." मला शब्द न् शब्द पाठ आहे. पण तेव्हा मी ऐकत नव्हते. माझ्या कानात हसणं होतं.

आठव्या वर्षापासून तुला वाढवली. माझं कॉलेज तिथेच सुटलं, त्याचं मला कधी काही वाटलं नाही, खरंच नाही. तू शिकलीस, मोठी झालीस, तुझं मन माझ्या ताटावर रमेना, तेही ठीक होतं. पण त्या दिवशी मला वाटलं, बघू. माझ्याशिवाय कशी जगतात तुझी झाडं, बघूच.

आणि मे महिन्यात तुझा फोन आला. "ताई, फोटो बघितलेस? काय झाडं आलीत! आणि बिनखताची!" एवढा आनंद मी तुझ्या आवाजात कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मी म्हटलं, हो गं, छान आलीत. तेव्हा सांगितलं असतं तर तळं वाचलं असतं.

आणखी एक आहे. ते लिहिलं नाही तर बाकीचं लिहून उपयोग नाही. तळं हिरवं पडलं, पेपरात तुझं नाव आलं, लोक तुझ्यावर धावून आले, तेव्हा मला घटकाभर बरं वाटलं. आता ही घरी येईल, असं वाटलं. तुला ये म्हणून लिहिलं ते पत्र काढून वाच. त्यात माया आहे, पण मायेखाली हे आहे.

मावशीला सगळं सांगितलं. हा कागद समितीपुढे ठेवला तर नर्सरी खात्याच्या यादीतून जाणार, म्हणजे आमचं अर्धं काम जाणार. तिच्या सुनेचे दिवस भरत आले आहेत. तिने हातातली पिशवी भरून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मला विचारू नकोस. मी ठेव म्हटलं तर ते पाप माझ्या माथी, आणि दे म्हटलं तर उद्या चूल पेटली नाही की मीच तुझ्या नावाने खडे फोडणार."

बैठक मंगळवारी अकराला आहे. मी काय करेन ते आज लिहीत नाही. लिहिलं आणि माझ्या हातून झालं नाही, तर तुला आणखी एक खोटं पत्र मिळेल.

ताई


बुधवार, ७ सप्टेंबर

धाकटे,

काल झालं ते जसंच्या तसं लिहिते.

लांब टेबल, सात खुर्च्या, मध्ये पाण्याचे ग्लास. एका कोपऱ्यात नकाशावर तुझे बारा वाफे हिरव्या शाईने काढलेले, आणि त्यांवर कोणीतरी पेन्सिलीने फुल्या मारलेल्या. मी पर्स मांडीवर धरून बसले होते. अध्यक्षांनी मसुदा वाचायला घेतला. 'अनवधानाने' हा शब्द आला आणि गेला. पुढे 'लेखी सूचना दिल्याची नोंद आढळत नाही' आलं. त्यांनी पान उलटलं. मला वाटलं, आता नाही उठले तर नाहीच उठणार.

मी म्हटलं, "साहेब, मागचं पान."

कागद टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला, वाचला आणि तपासनीस बाईंकडे सरकवला. बाईंनी वाचला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. चौकशीत त्यांना खोटं सांगितलं तेव्हा त्या माझ्याकडचा चहा पीत होत्या.

"हा तुम्हाला कधी मिळाला?" अध्यक्षांनी विचारलं.

"फेब्रुवारीत. तिने स्वतः आणून दिला."

"वाचला होता?"

"हो."

"समजला होता?"

"तुम्हाला समजला ना? मग मला का नाही समजणार? तिने माझ्यासाठीच इतकं सोपं लिहिलं आहे."

मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, अगदी घरातलं कोणी विचारतं तसं, "मग ताई, का घातलंत?"

मी बरंच काही ठरवून गेले होते. रोपं पिवळी होती, लोक नावं ठेवत होते, असं. त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"तिला मी लागेनाशी झाले होते," मी म्हटलं.

लिहून घेणाऱ्या मुलीचं पेन थांबलं. तिने अध्यक्षांकडे पाहिलं. "सर, हे लिहायचं का?"

त्यांनी चष्मा पुसायला घेतला. मीच म्हटलं, "लिही बाळा. 'अनवधानाने' खोड आणि तिथे हे लिही."

तिने लिहिलं. मी सही केली.

निकाल असा. तुझ्या नावापुढचा शेरा काढला. वाफे राहणार. माझी नर्सरी येत्या एक तारखेपासून यादीतून गेली, आणि शिवाय चौकशीत खोटं बोलल्याबद्दल लेखी ताकीद. मावशीने काल खडे फोडायला सुरुवात केली आहे. तिचा हक्क आहे, मी ऐकून घेते.

वरचा थर काढायचा, नवी वाळू घालायची, आणि दोन्ही बाटल्या सारख्या येईपर्यंत पाणी तपासत राहायचं, हे काम त्यांनी तुझ्याकडेच द्यायचं ठरवलं आहे. माणसं खात्याची असतील. माझ्याकडचं कोणी त्या रस्त्यावर येणार नाही, मीही नाही, हे मी त्यांना लिहून दिलं आहे. त्यांचं पत्र तुला सोमवारपर्यंत मिळेल, आणि शुक्रवारपर्यंत त्यांना हो किंवा नाही कळवायचं आहे.

माझ्या पत्राला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. त्यांच्या पत्राला दे.

ताई